चौदा तारखेची संध्याकाळ

१

लग्नसराईत काय काय चोरीला जातं याचा मला दांडगा अनुभव आहे. कार्यालयाच्या दारातून नव्या चपला जातात, आहेराच्या ढिगातून बरी पाकिटं जातात, एकदा तर वरमाईचा बनारसी शालू गेला होता. पण अख्खी संध्याकाळ चोरीला गेलेली मी यंदा पहिल्यांदाच पाहिली.

माझी पुतणी स्वराली हिचं लग्न धायरीच्या चिंचबन मंगल कार्यालयात पंधरा तारखेला ठरलं होतं. तिचे आईवडील नागपूरला, त्यामुळे इथली सगळी धावपळ माझ्या आणि माझ्या बायकोच्या गळ्यात आली. मी श्रीधर, इतिहासाचा निवृत्त मास्तर. बायको पद्मजा जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये होती आणि निवृत्त झाल्यावरही दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय तिने सोडलेली नाही. घरी हाताशी मी एकटाच असतो.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा आम्ही दोघं नात्यातल्या दोनतीन माणसांना घेऊन हॉल बघायला गेलो. सीमांतपूजनाचे चौरंग कुठे मांडायचे यावर आमचा वाद रंगात आला होता, तेवढ्यात शेजारी एक उंचापुरा तरुण फूलवाल्याला म्हणाला, "चौदाच्या संध्याकाळी हितं कमान पायजे. मोठी."

"चौदाच्या संध्याकाळी इथे आमचं सीमांतपूजन आहे," पद्मजा म्हणाली.

"काकू, काहीतरी चुकतंय. चौदाला माझ्या बहिणीचा साखरपुडा हाय."

त्याचं नाव रणजित, राहणार लोणी काळभोर. त्याने मोबाइलवर पावती दाखवली, पद्मजाने आमची दाखवली. दोन्ही खऱ्या होत्या. त्याची चौदा तारखेची, आमची पंधराची. आता कुणी म्हणेल, मग भांडण कसलं? तर पुण्यात कार्यालयाचा दिवस पहाटे सुरू होत नाही. लग्न पंधराला असलं की हॉल आदल्या संध्याकाळी ताब्यात मिळतो, कारण सीमांतपूजन, वऱ्हाडाची सोय, आचाऱ्यांची जुळवाजुळव हे सगळं तेव्हाच होतं. दुसऱ्या दिवशी दुपार टळली की हॉल रिकामा करून द्यायचा. म्हणजे चौदाची संध्याकाळ ही पंधरातच मोडते. हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून पावतीवर कुणी छापत नाही.

मॅनेजर दीपाली धावत आली आणि दोन्ही पावत्या बघून तिचा चेहरा उतरला. तिच्या मागोमाग मालक आप्पासाहेब आले. हे धायरीचे जुने शेतकरी. स्वतःच्या रानात चिंचा होत्या तिथे त्यांनी हे कार्यालय बांधलं. बरोबर त्यांचा मुलगा इंद्रजीत होता. आमच्याकडची चारपाच माणसं, रणजितकडची सातआठ, शिवाय फूलवाला, मांडववाला, अशी बरीच गर्दी जमली होती.

"पप्पा, यांच्याकडून हिच्या टेबलावर अंजिरांची पेटी आली होती," इंद्रजीत रणजितकडे बोट करून म्हणाला. "मी बघितली."

आप्पासाहेबांचा आवाज चढला. "अंजिरावर हॉल विकला व्हय गं? सात वर्सं माझं मीठ खाल्लंस! किल्ल्या ठेव टेबलावर."

दीपालीने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. तो तिने टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटलं. सगळ्या धायरीची लग्नं लावून देणारी ही बाई आणि तिला असं सगळ्यांदेखत चोर ठरवलं जात होतं.

"आप्पासाहेब, आपण हिला उद्या संध्याकाळी काढा," पद्मजा म्हणाली. "तोवर मला खरं काय ते शोधू द्या."

"आनि न्हाई सापडलं तर?"

"तर काढाच. शिवाय आमचं लग्नही आम्ही दुसरीकडे नेऊ."

स्वरालीला हे कोण सांगणार, हा विचार आधी माझ्या मनात आला.

२

दीपालीला आम्ही भटारखान्यामागच्या ओट्यावर गाठलं.

"वहिनी, मी नेहमीसारखीच नोंद केली," ती म्हणाली. "पंधरा तारीख टाकली. एवढं केलं की आदली संध्याकाळ आपोआप अडवली जाते. आमोदने प्रोग्रॅमच तसा करून दिलाय. हॉलचा दिवस कधी सुरू होतो, कधी संपतो, त्याने माझ्यापाशी बसून सगळं विचारून घेतलं होतं."

"आणि रणजितची नोंद?"

"त्यांनी घरूनच केली, मोबाइलवर. चौदाची संध्याकाळ मागितली. प्रोग्रॅमने 'हॉल दिलेला आहे' असं सांगायला हवं होतं. त्याने चक्क पावती दिली."

"अंजिरं?"

दीपालीला इतक्या दुःखातही हसू आलं. "पेटी ऑफिससाठी आली होती. निम्मी आप्पासाहेबांनीच संपवली."

"असा घोळ याआधी कधी?"

"कधीच नाही. गेल्या वर्षी तर एकेका मुहूर्ताला चारचार जण मागे लागले होते, तरी नाही."

"आणि या वर्षी?"

"सराई आत्ता कुठे सुरू होतेय, वहिनी. तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची. चातुर्मासात कुठली लग्नं? वाढदिवस, बारशी, महिला मंडळं. सगळी सकाळी येतात, जेवतात, जातात."

पद्मजा डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागली. लग्नाच्या एवढ्या वर्षांत मी एक शिकलोय, ती अशी बघते तेव्हा मला काहीही विचारत नसते.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे बिघाड आत्ताचा नाही. कधीचाच झालाय. सीमांतपूजन नव्हतं म्हणून कुणाला कळला नाही."

"पण केला कुणी?"

"चला. ज्याला अंजिरं दिसतात त्याला विचारू."

३

इंद्रजीत ऑफिसात फिरत्या खुर्चीत बसला होता. वय सव्वीसच्या आसपास, दाढी कोरलेली, बोलणं एकदम सुसाट. संगणकाच्या पडद्याखाली एक चिठ्ठी डकवली होती आणि तिच्यावर पासवर्ड ठळक अक्षरांत लिहिला होता.

"हा पासवर्ड गुप्त आहे का?" पद्मजाने विचारलं.

"ऑब्व्हियसली, काकू."

"अरे वा. मग पाटी करून दारावरच लावा, म्हणजे सगळ्यांना नीट गुप्त राखता येईल."

तो ओशाळून हसला. पद्मजाने त्याला प्रोग्रॅमबद्दल विचारलं तेव्हा त्याने समजावून सांगितलं. प्रत्येक नोंद एक्सएमएल नावाच्या साच्यात जाते. त्या नोंदीत काय काय असावं आणि ते कुठल्या प्रकारचं असावं, म्हणजे नाव, तारीख, फोन, हॉल वगैरे, याची नियमावली एका वेगळ्या फाइलमध्ये असते. तिला स्कीमा म्हणतात. सगळा प्रोग्रॅम त्या स्कीमाला विचारूनच चालतो.

"या स्कीमात अलीकडे कुणी बदल केले?"

"श्रावणात आमच्या मामांचं लोणीचं कार्यालय आपल्या सिस्टिमला जोडलं, तेव्हा झाले असतील. पण ते आमोदने केलं. मी त्या फाइलला टचसुद्धा केलेलं नाही. पप्पांनी मला मशीनला हात लावायची बंदी घातलीय."

"का बरं?"

इंद्रजीतचा चेहरा पडला. "मागे एकदा जनरेटर मीच दुरुस्त केला होता. ऐन मंगलाष्टकात लाइट गेले. अंतरपाट धरलेला, अंधार, आणि भटजींनी 'सावधान' म्हटलं. कुणी कुणाला माळ घातली तेच कळेना."

मला हसू आवरेना. पद्मजाने मला कोपराने ढोसलं.

"म्हणजे दोष आमोदचा असेल?"

"शंभर टक्के! साधी चीज नीट बनवता येत नाही त्याला. फोन नंबर बरोबर असला तरी फाइल अडून बसते. म्हणते, फोन नावाचा प्रकारच मला माहीत नाही. असला प्रोग्रॅम! आणि उरलेला घोळ दीपालीताईंनी घातला. त्यांना पण पासवर्ड माहितीय."

"पासवर्ड तर आता मलासुद्धा माहितीय," पद्मजा म्हणाली. "मला त्या फाइलची प्रत दे. आणि लोणीच्या हॉलची पद्धत काय रे? आदल्या संध्याकाळी देतात का?"

"नाही. तिकडे हळद, लग्न, जेवण सगळं एकाच दिवसात. सकाळी चावी, रात्री परत."

बाहेर पडताना पद्मजा समाधानाने गुणगुणत होती. स्कूटरवर मागे बसून तिने मला हळूच सांगितलं, "या मुलाने आत्ता एक खोटं बोलून दाखवलं."

"कुठलं?"

"सिंहगड रोडच्या गर्दीत नाही सांगणार. तुम्ही मागे वळून बघाल."

४

आमोदला आम्ही सकाळी पोह्यांना बोलावलं. हा बाणेरच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात असली कामं घेतो. संशयितांत तो होताच. लोणीचं काम आपल्याला न विचारता झालं म्हणून तो रागावला होता आणि ते त्याने लपवलंही नाही.

"काकू, लोणीचं कार्यालय मी जोडलंच नाही. आषाढानंतर चिंचबनमधून मला एक कॉलसुद्धा नाही. मला वाटलं, दुसरं कुणी पकडलं असेल."

"तुझी मूळ फाइल आहे?"

होती. पद्मजाने ती आणि इंद्रजीतकडून आणलेली, अशा दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. मी पोह्यांवर लिंबू पिळत बघत होतो. मला दोन्ही सारख्याच अगम्य दिसल्या.

"आमोद, हा 'डेट' नावाचा प्रकार तू स्वतः बनवलास?"

"हो. हॉलचा दिवस. दिसायला साध्या तारखेसारखाच, पण प्रोग्रॅमला हा प्रकार दिसला की तो आदल्या संध्याकाळपासून मोजतो."

"आणि 'डेट' नावाचा प्रकार स्कीमाच्या भाषेत आयता आहे, हे तुला माहीत होतं?"

"हो... पण त्याचा नेमस्पेस वेगळा आहे ना."

"अरे, जगातली नावं संपली होती का?"

आमोदने मान खाली घालून पोह्यातले दाणे वेचायला घेतले. मला मात्र राहवेना. "हे नेमस्पेस काय प्रकरण आहे ते मलाही कळू द्या."

पद्मजाने चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्या घरात अण्णा म्हणजे कोण?"

"माझे वडील."

"आणि माझ्या माहेरी?"

"तुझा थोरला भाऊ."

"मी नुसतं म्हटलं 'अण्णांना चहा द्या', तर चहा कुणाला मिळेल?"

"तू कुठल्या घरात उभी आहेस त्यावर अवलंबून."

"तसंच इथे. तारीख, वेळ, आकडा, मजकूर हे आयते प्रकार, त्यांचं घर एक. आमोदने बनवलेल्या प्रकारांचं घर दुसरं. त्या घराचा पत्ता म्हणजे नेमस्पेस. पत्ता लांबलचक असतो, म्हणून त्याला एक छोटं टोपणनाव देतात आणि ते प्रकाराच्या आधी लावतात. ते लावलं की अमक्यांकडचे अण्णा, असं स्पष्ट होतं. पण काही न लावता नुसतं 'डेट' लिहिलं तर कुठल्या घरातला समजायचा, ते फाइलच्या पहिल्याच ओळीत सांगितलेलं असतं. आमोदच्या फाइलीत ते घर कार्यालयाचं आहे. आता या दुसऱ्या फाइलीची पहिली ओळ बघा."

मी पाहिली. पत्ता खरंच निराळा होता.

"इथे कुणीतरी पहिली ओळ बदलून आयत्या प्रकारांचं घर लावलंय," पद्मजा म्हणाली. "खाली 'डेट' तसाच राहिला. पण आता हाक मारली की हॉलचा दिवस उठत नाही, साधी तारीख उठते. साधी तारीख मध्यरात्री सुरू होते, मध्यरात्री संपते. तिच्या लेखी चौदा वेगळी, पंधरा वेगळी. रणजितला पावती मिळाली ती अशी."

आमोद ताडकन उठला. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं! मला बदनाम करायला!"

"बस खाली. पोहे संपव. मुद्दाम केलेलं नाही, आणि तेही याच फाइलीत लिहिलंय. कुणी केलं तेसुद्धा."

५

संध्याकाळी कार्यालयाच्या ऑफिसात आम्ही जमलो. आप्पासाहेब, इंद्रजीत, दीपाली, आमोद आणि आम्ही दोघं. पद्मजाने आप्पासाहेबांनाही अण्णांचा चहा समजावला. त्यांना तो माझ्यापेक्षा लवकर समजला, कारण त्यांच्या भावकीत चार दत्तोबा आहेत.

"आता बघा," ती म्हणाली, "ज्याला चौदाची संध्याकाळ चोरायची आहे तो काय करील? फक्त तारखेची ओळ बदलील. इथे तारखेची ओळ जशीच्या तशी आहे. बदलली पहिली ओळ. त्याबरोबर आमोदने बनवलेले सगळेच प्रकार बेघर झाले. फोन, हॉल, सगळे. आणि नंतर कुणीतरी हाताने त्या प्रत्येकाच्या आधी कार्यालयाचं टोपणनाव लावलंय. फक्त 'डेट'ला नाही. असं का?"

मग उत्तरही तिनेच दिलं.

"कारण तक्रार फक्त त्यांनीच केली. आयत्या प्रकारांच्या घरात फोन नावाचं कुणी नाही. हाक मारली, कुणी उठलं नाही, फाइल अडून बसली. मग या माणसाने दुरुस्त केलं. हॉलचंही तसंच. पण 'डेट' म्हटल्यावर त्या घरातले अण्णा उठून उभे राहिले. तक्रार झाली नाही, म्हणून दुरुस्तीही झाली नाही. या माणसाला तारखेला हात लावायचाच नव्हता. तिचं काही बिघडलंय हे त्याला कळलंच नाही. त्याने लोणीचा हॉल टाकून बघितला, तो चोख चालला. का? तिकडे दिवस सकाळीच सुरू होतो."

"मंग आमोदनंच क्येलं की," आप्पासाहेब म्हणाले.

"आमोदने हॉलचा दिवस स्वतः घडवलाय. पहिली ओळ बदलल्यावर सगळ्यात आधी त्याने तोच तपासला असता. आणि दीपालीने लोणीसाठी हा खटाटोप करायचं कारण नाही. तेव्हा माझा प्रश्न एवढाच. फोन नावाचा प्रकार माहीत नाही, ही तक्रार आमोदच्या मूळ फाइलीत कधीच येत नाही. मी दुपारभर चालवून पाहिली. ती येते फक्त पहिली ओळ बदलल्यावर आणि टोपणनाव लावण्याआधी. तेवढ्या मधल्या वेळात ती ज्याने पाहिली, त्यानेच हे केलं. काल मला ती तक्रार कुणी शब्दाला शब्द सांगितली?"

इंद्रजीतच्या कपाळावर घाम आला होता.

"मी केलं, पप्पा," तो म्हणाला. "मामांच्या हॉलचं मलाच करून दाखवायचं होतं. लोणीच्या जुन्या फाइलची पहिली ओळ इकडे पेस्ट केली. एरर आले ते एकेक करून घालवले. एवढ्या दिवसांत एक गोष्ट माझ्या हातून धड झाली असं वाटलं होतं. आई शप्पथ, दीपालीताईंचीच चूक आहे असं मी धरून चाललो होतो. काल काकूंनी लोणीची पद्धत विचारली आणि मग रात्रभर झोप नाही लागली."

"मंग तोंड का न्हाई उघडलंस? बाईच्या पोटावर पाय येत व्हता!"

"तुम्ही म्हणाला होतात, परत मशीनला हात लावलास तर घराबाहेर काढीन."

आप्पासाहेबांनी एक सुस्कारा सोडला. मग किल्ल्यांचा जुडगा उचलून त्यांनी दीपालीसमोर धरला. "घे बाई. झालं ग्येलं. लाग कामाला."

दीपालीने हात पुढे केला नाही. "आप्पासाहेब, चोर म्हणालात ते चारचौघांत. कामाला लाग म्हणताय ते खोलीत."

मला तर उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आप्पासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं धायरीत कुणाला आठवत नाही, असं आमोदने मला नंतर सांगितलं.

"चौदाला दोन्ही घरची माणसं इथेच असतील," दीपाली पुढे म्हणाली. "तेव्हा सांगा. सांगितलंत तर मी तुमची मॅनेजर. नाही तर पंधराचं लग्न लावून देईन आणि जाईन. स्वरालीचं कार्य मी बिघडू देणार नाही."

६

चौदाची संध्याकाळ दीपालीने दोघांनाही दिली. सीमांतपूजन हॉलमध्ये, साखरपुडा मागच्या लॉनवर, चिंचेखाली दिव्यांच्या माळा, आणि जेवणाची पंगत एकत्र. रणजितला हॉलपेक्षा लॉनच आवडलं, कारण त्याची कमान हॉलच्या दारात मावतच नव्हती. त्याच्या आईने स्वरालीची ओटी भरली. आमच्याकडच्या बायकांनी त्यांच्या नवरीला हळदीकुंकू लावलं. उभ्या आयुष्यात न भेटलेली दोन घरं तासाभरात एकमेकांच्या सुनांची माहेरं विचारायला लागली.

आमोदने फाइल दुरुस्त केली. पद्मजाने उभं राहून त्याच्याकडून हॉलच्या दिवसाचं नाव बदलून घेतलं आणि प्रत्येक प्रकाराच्या आधी घराचं टोपणनाव लावून घेतलं, आयत्यांच्याही आणि घरच्यांच्याही. इंद्रजीत शेजारी बसून शिकत होता. आप्पासाहेबांनी ते दारातून पाहिलं आणि तिघांसाठी चहा पाठवला.

पण ते स्वतः पुढे येईनात. पंगतीची पानं मांडून झाली, उदबत्त्या लागल्या, रांगोळ्या घातल्या गेल्या, तरी ते फाटकापाशी येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत उभे. दीपाली वाढप्यांना सूचना देत होती, पण तिचं लक्ष सारखं फाटकाकडे जात होतं. पद्मजाने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

शेवटी आप्पासाहेब चालत आले ते थेट सनईवाल्यांपाशी. त्यांनी हात करून सनई थांबवली आणि माइक घेतला. माइक दोनदा किंचाळला. सगळे वळून बघायला लागले.

"मंडळी," ते म्हणाले, "आठवडा झाला, हितंच, तुमच्याम्होरं, म्या ह्या बाईला चोर म्हनलो. चोर ती न्हाई. चूक माझ्या घरातली हाय, आनि न तपासता बोललो ही माझी. सात वर्सं हिनं ह्ये कार्यालय चालवलं, म्या नुसता मालक." त्यांनी माइक काखेत धरला आणि दीपालीकडे वळून दोन्ही हात जोडले.

मग रणजितची आई टाळ्या वाजवायला लागली आणि पाठोपाठ सगळा मांडव. पद्मजा रडत होती. सॉफ्टवेअरमधल्या बाईला रडताना बघायची मला सवय नाही, त्यामुळे मीही रडलो.

दीपालीने पदराने डोळे पुसले. ती पुढे आली, आप्पासाहेबांच्या काखेतला माइक तिने हळूच काढून घेतला आणि घसा खाकरला.

"पानं वाढली आहेत," ती म्हणाली. "दोन्हीकडच्या मंडळींनी बसून घ्यावं. आप्पासाहेब, तुम्हीही बसा, भात निवतोय."